जगाच्या टोकाला दुकान टाकणारा माणूस : क्नुड रासमुसेन आणि थुले नावाच्या वस्तीची गोष्ट

२८ मार्च २०२५ ला अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स ग्रीनलँडमध्ये उतरले. ते व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. पांढरीशुभ्र धावपट्टी, जाड जाकिटं घातलेली माणसं आणि ग्रीनलँड अमेरिकेचं होणार का यावर चाललेली चर्चा. ज्या तळावर ते उतरले त्याचं नाव पिटुफिक.

त्या तळाच्या शेजारी, खाडीच्या काठावर एक डोंगर आहे. माथा एकदम सपाट, आपल्याकडच्या एखाद्या गडासारखा. त्या डोंगराच्या पायथ्याशी एकेकाळी एक वस्ती होती. तिथले लोक तिला उमानाक म्हणायचे. बाहेरच्या जगात मात्र ती थुले या नावानं ओळखली गेली. हा तळसुद्धा २०२३ पर्यंत थुले एअर बेस म्हणूनच ओळखला जायचा.

थुले हे नाव काही अमेरिकेच्या लष्करानं शोधलेलं नाही. जुन्या ग्रीक-रोमन ग्रंथांत उत्तरेकडच्या शेवटच्या भूमीला थुले म्हणायचे. १९१० मध्ये एका माणसानं ते नाव आपल्या दुकानाला दिलं. होय, दुकानाला. सुया, काडतुसं, चहा, तंबाखू विकणारं दुकान.

त्या माणसाचं नाव क्नुड रासमुसेन. डेन्मार्कमध्ये त्याचं नाव शाळकरी मुलांनाही माहीत असतं. आपल्याकडे ध्रुवीय मोहिमा म्हटलं की पिअरी, अमुंडसेन, स्कॉट एवढीच नावं आठवतात. पण या तिघांपैकी एकालाही इनुइट लोकांशी त्यांच्या भाषेत तासन्‌तास गप्पा मारता येत नव्हत्या. रासमुसेनला येत होत्या, कारण ती त्याचीही भाषा होती.

७ जून १८७९ ला ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आज ज्याला इलुलिस्सात म्हणतात त्या गावात त्याचा जन्म झाला. वडील डॅनिश पाद्री. आई ग्रीनलँडमध्येच वाढलेली, तिच्या घराण्यात इनुइट रक्त. पोरगा गावातल्या मुलांबरोबर खेळला, त्यांचीच भाषा बोलला आणि लहानपणीच कुत्र्यांची स्लेज हाकायला शिकला. गावात त्याला कुनुनग्वाक म्हणायचे, म्हणजे छोटा क्नुड. पुढे आयुष्यभर ग्रीनलँडमध्ये त्याचं हेच नाव राहिलं.

बाराव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी डेन्मार्कला आणलं. तिथं अभ्यासात त्याचं काही खास जमलं नाही. नट व्हायचा प्रयत्न झाला, गायक व्हायचा झाला, दोन्ही फसले. मग त्याला तो जिथून आला होता तोच प्रदेश पुन्हा खुणावायला लागला.

लहानपणी त्यानं एक गोष्ट ऐकली होती. खूप उत्तरेला, आपल्या सगळ्यांच्या पलीकडे आणखी माणसं राहतात आणि ती अस्वलाच्या कातड्याच्या विजारी घालतात. १९०२ मध्ये पत्रकार मिलिउस-एरिकसन, चित्रकार हाराल्ड मोल्टके आणि इलुलिस्सातचाच बालमित्र योर्गेन ब्रोनलुंड यांच्याबरोबर तो निघाला. मेलविल उपसागराचा गोठलेला समुद्र ओलांडताना मोल्टके इतका आजारी पडला की त्याला स्लेजवर बांधून न्यावं लागलं. पलीकडे पोहोचल्यावर या सगळ्यांना घरात घेतलं, खाऊ घातलं ते त्याच अस्वलाच्या विजारीवाल्यांनी.

हे लोक म्हणजे इनुगुइत. संख्या जेमतेम दोनशे-अडीचशे. जगातल्या सगळ्यात उत्तरेला राहणाऱ्या माणसांपैकी हे. १८१८ मध्ये जॉन रॉस नावाचा ब्रिटिश अधिकारी तिथं पोहोचला, तेव्हा आपल्याशिवाय जगात आणखी माणसं आहेत हेच त्यांना माहीत नव्हतं, अशी नोंद आहे.

आता जरा थांबून त्यांचं जगणं कसं होतं ते बघू, कारण त्याशिवाय दुकानाचा मुद्दा कळणार नाही.

तिथं हिवाळ्यात साधारण साडेतीन महिने सूर्य उगवतच नाही. उन्हाळ्यात तेवढाच काळ मावळत नाही. झाड नाही, शेती नाही. इग्लू म्हणजे बर्फाचं घर असं आपण शाळेत शिकलो, पण त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ नुसतं घर. बर्फाची घरं प्रवासात, शिकारीवर असताना बांधायची. हिवाळ्याचं मुक्कामाचं घर दगड आणि गवताळ मातीच्या ढेपांचं. आत शिरायला लांब, बुटका बोगदा, जमिनीच्या पातळीपेक्षा खाली. थंड हवा जड असते, ती बोगद्यात साठते आणि आतल्या चौथऱ्यावर ऊब राहते. खिडकीला काच नाही, सीलच्या आतड्याचा ताणून शिवलेला पडदा. उजेड आणि उष्णता दगडी दिव्याची, त्यात तेल सीलच्या चरबीचं. हा दिवा बाईच्या ताब्यात असायचा. घरात चरबी संपली की दिवा गेला, आणि दिवा गेला की प्यायला पाणीसुद्धा नाही, कारण बर्फ वितळवणार कशावर?

कपडेही तसेच. कोल्ह्याच्या कातड्याचा अंगरखा, अस्वलाची विजार, सीलच्या कातड्याचे बूट. बायका कातडं दातांनी चावून मऊ करायच्या. शिवण इतकी घट्ट हवी की पाणी आत येता कामा नये. शिवण उसवली तर शिकाऱ्याची बोटं जायची. त्यामुळे चांगला शिकारी असणं जितकं महत्त्वाचं, तितकंच घरात चांगली शिवणारी असणं. सुई ही गोष्ट आपल्याला किती क्षुल्लक वाटते! तिथं ती हाडापासून किंवा हस्तिदंतासारख्या दातापासून तासून करायला लागायची.

उन्हाळ्यात लाखोंच्या संख्येनं छोटे समुद्रपक्षी कड्यांवर येतात. लांब काठीला जाळं लावून, दगडांच्या आडोशाला बसून ते हवेतच पकडायचे. मग किविआक करायचा. सीलचं अख्खं कातडं घ्यायचं, आतली चरबी तशीच ठेवायची, त्यात हे पक्षी पिसांसकट शेकड्यांनी कोंबायचे, हवा दाबून काढायची, शिवून टाकायचं आणि वर दगड रचून काही महिने मुरू द्यायचं. अंधाराच्या दिवसांत सणासमारंभाला ते काढायचं. वास भयंकर असतो म्हणतात. पण ताजं मांस मिळत नाही तेव्हा हेच लोणचं, हेच पक्वान्न. हा किविआक लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आता लोखंड. या लोकांकडे खाण नव्हती, भट्टी नव्हती. पण त्यांच्या प्रदेशात हजारो वर्षांपूर्वी एक लोखंडी अशनी पडली होती, तिचे मोठमोठे तुकडे होते. त्यावर दगड आपटून आपटून लोखंडाच्या चपट्या कपच्या काढायच्या आणि सुऱ्यांना, भाल्यांना पातं म्हणून बसवायच्या. पिढ्यान्‌पिढ्या हे चालू होतं. देवमाशांच्या शिकारीसाठी येणाऱ्या जहाजांकडून थोडंफार लोखंड मिळायला लागलं, ते वेगळं.

मग आला अमेरिकन रॉबर्ट पिअरी. १८९१ पासून जवळपास वीस वर्षं त्यानं उत्तर ध्रुव गाठण्यासाठी याच लोकांचे कुत्रे, याच लोकांचे कपडे आणि याच लोकांची मेहनत वापरली. मोबदल्यात बंदुका, सुऱ्या, लाकूड, भांडी दिली. आणि १८९७ पर्यंत अशनीचे तिन्ही मोठे तुकडे उचलून न्यूयॉर्कला नेले. सगळ्यात मोठा ३१ टनांचा. संग्रहालयानं त्यासाठी ४० हजार डॉलर मोजले. त्याच जहाजातून सहा इनुगुइतही नेले होते. त्यातले चार काही महिन्यांत आजारानं गेले. मिनिक नावाचा एक लहान मुलगा उरला, त्याच्या वडिलांचा सांगाडा संग्रहालयानं ठेवून घेतला. ती एक स्वतंत्र आणि फार वाईट गोष्ट आहे.

इथं आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. १९०९ मध्ये पिअरीनं ध्रुव गाठल्याचा दावा केला आणि तो कायमचा निघून गेला. इनुगुइतांची एक पिढी तोपर्यंत बंदुकीनं शिकार करायला शिकलेली. काडतुसं कुठून आणायची? तुटलेल्या सुरीच्या जागी नवी कुठून? अशनी तर न्यूयॉर्कला.

रासमुसेनला हा पेच दिसला. डेन्मार्क सरकारनं तिथं व्यापाराचं ठाणं उघडावं असं त्याचं म्हणणं होतं. हा भाग तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात नव्हता, सरकार पुढे येईना. शेवटी खासगी पैसे उभे करून १९१० मध्ये त्यानं आणि पीटर फ्रॉयकेन या त्याच्या अवाढव्य मित्रानं उमानाकला दुकान टाकलं. एक वर्ष आधीच तिथं मिशन सुरू झालं होतं, गुस्ताव ओल्सेन नावाचा ग्रीनलँडरच तिथं पाद्री होता.

व्यवहार सोपा होता. शिकाऱ्यांनी पांढऱ्या आणि निळ्या कोल्ह्याची कातडी आणायची, बदल्यात बंदूक, काडतुसं, सुऱ्या, सुया, करवती, किटल्या, काड्यापेट्या, चहा, कॉफी, साखर, तंबाखू न्यायचा. जहाज वर्षातून एकदा, तेही बर्फानं वाट दिली तर. युरोपात तेव्हा कोल्ह्याच्या फरची जबरदस्त फॅशन होती. कातडी कोपनहेगनला विकायची, त्या नफ्यातून दुकान चालवायचं आणि उरलेल्या पैशातून मोहिमा काढायच्या. म्हणूनच त्याच्या सातही मोहिमांना पहिली थुले मोहीम, दुसरी थुले मोहीम अशी नावं आहेत. आजच्या भाषेत सांगायचं तर सेल्फ-फंडेड स्टार्टअप.

पण हा स्टार्टअप कोणाच्या जिवावर होता, हे विचारायला हवंच. कोल्हा आधी अंगावर घालायची गोष्ट होती, आता ते चलन झालं. सापळे लावण्यात गेलेला वेळ मांसाच्या शिकारीतून वजा. बंदूक आली तर काडतूस लागणार, काडतूस लागलं तर कोल्हा लागणार. हे चक्र एकदा सुरू झालं की उलटं फिरत नाही. रासमुसेनला हे कळत नव्हतं असं नाही. पण पिअरीनं ते आधीच सुरू करून दिलेलं होतं, आणि दुसरा एखादा व्यापारी आला असता तर त्यानं दारूचे बुधले आणले असते, हेही तितकंच खरं. मला वैयक्तिकरीत्या वाटतं, त्याच्या बाजूनं सगळ्यात मोठी गोष्ट ही की तो तिथल्या लोकांच्या घरात झोपायचा, त्यांचंच खायचा आणि त्यांना ऐकायचा.

१९१२ ची पहिली मोहीम याच ऐकण्यातून यशस्वी झाली. पिअरीच्या नकाशात ग्रीनलँडच्या उत्तर टोकाला एक समुद्री खाडी दाखवली होती. त्या नकाशावर भरवसा ठेवल्यामुळे १९०७ मध्ये एका मोहिमेतल्या तिघांची वाट आणि वेळ चुकली आणि तिघंही मेले. त्यातले दोघं कोण होते? मिलिउस-एरिकसन आणि ब्रोनलुंड. म्हणजे रासमुसेनचे १९०२ चे सोबती. रासमुसेन, फ्रॉयकेन आणि उव्दलोरिआक, इनुकित्सोक हे दोन इनुगुइत शिकारी अशा चौघांनी कुत्र्यांच्या स्लेजवरून ग्रीनलँडचा बर्फाळ माथा ओलांडला, सुमारे एक हजार किलोमीटर. आणि तिथं खाडी नाहीच, हे दाखवून दिलं.

सगळ्याच मोहिमा अशा झाल्या नाहीत. १९१६ ते १८ च्या दुसऱ्या मोहिमेत हेंड्रिक ओल्सेन हा ग्रीनलँडर शिकारीला गेला तो परत आलाच नाही. परतीच्या वाटेवर उपासमार सुरू झाली. रासमुसेन मदत आणायला पुढे गेला आणि मागे थोरिल्ड वुल्फ या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाला चालवेना, तेव्हा त्याला तिथंच सोडून बाकीचे निघाले. स्वतः वुल्फनंच तसं सांगितलं होतं, असं परतलेल्यांचं म्हणणं. यावरून बराच वाद झाला. शिकार मिळाली नाही की ध्रुवीय प्रदेशातला सगळ्यात अनुभवी माणूसही काही करू शकत नाही, एवढं मात्र त्यातून दिसलं.

आता येते पाचवी मोहीम, १९२१ ते १९२४. रासमुसेनचं खरं काम हेच.

प्रश्न असा होता : ग्रीनलँड, कॅनडा, अलास्का इथले सगळे इनुइट एकाच मुळाचे का? शास्त्रज्ञ हाडं मोजत होते, भांडी खणत होते. रासमुसेन म्हणाला, जाऊन त्यांच्याशी बोलू.

सुरुवातच वाईट झाली. फ्रॉयकेनची बायको नवाराना, थुलेचीच इनुगुइत मुलगी, वाटेत उपेरनाविकला इन्फ्लुएंझानं गेली. तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता म्हणून पाद्र्यानं दफनभूमीत जागा नाकारली आणि फ्रॉयकेननं तिला स्वतः पुरलं. इगियानग्वाक नावाचा शिकारीही त्याच साथीत गेला. त्याची तरुण विधवा अर्नारुलुनग्वाक मात्र मोहिमेसोबत पुढे निघाली.

कॅनडात इग्लुलिक भागात रासमुसेन अवा नावाच्या शामानाकडे राहिला. शामान म्हणजे आत्म्यांशी बोलणारा, आपल्याकडचा देवऋषी समजा, पण त्याहून बराच मोठा मान असलेला. हे करू नका, ते खाऊ नका, या दिवशी शिवू नका, असे त्यांचे असंख्य नियम. रासमुसेन रोज विचारायचा, हे का? ते का? अवाकडे उत्तर नसायचं. एका संध्याकाळी अवा त्याला बाहेर वादळात घेऊन गेला. दिवसभर सीलच्या श्वासाच्या भोकापाशी उभे राहून रिकाम्या हातानं परतणारे शिकारी दाखवले. मग एका घरात नेलं, तिथं चरबी संपल्यामुळे दिवा मिणमिणत होता आणि पोरं कुडकुडत होती. मग दुसऱ्या घरात, आजारी पडलेली बाई. प्रत्येक ठिकाणी अवानं त्यालाच उलटं विचारलं, हे का? रासमुसेनला उत्तर देता आलं नाही. हे सगळं त्यानं स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलं, आपण निरुत्तर झालो यासकट.

गंमत म्हणजे अवाचं घराणं त्याच सुमारास ख्रिस्ती होत होतं. रासमुसेन जे टिपत होता ते डोळ्यांसमोर संपत होतं. २००६ मध्ये इग्लुलिकचेच इनुइट दिग्दर्शक झकारिआस कुनुक यांनी नॉर्मन कोन यांच्याबरोबर या भेटीवर सिनेमा काढला. त्यात रासमुसेन नायक नाही, तो पाहुणा आहे. नायक अवा आणि त्याचं कुटुंब.

१९२३ च्या वसंतात रासमुसेननं बाकीच्या शास्त्रज्ञांना मागे ठेवलं. तो, अर्नारुलुनग्वाक आणि तिचा नातेवाईक कावीगारसुआक, तिघंच स्लेजवरून पश्चिमेला निघाले. हडसन उपसागराच्या बाजूनं थेट अलास्कापर्यंत, दीड वर्षाच्या आसपास. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. तिथं हजारो किलोमीटर गेल्यावरही ग्रीनलँडची बोली बोलणाऱ्या या तिघांना लोक समजत होते आणि लोकांना हे तिघं. प्रश्नाचं अर्धं उत्तर तर तिथंच मिळालं.

या प्रवासाचं श्रेय वाटताना अर्नारुलुनग्वाक अनेकदा मागे राहते. तिघांचे कपडे, बूट, हातमोजे ती शिवायची, सुकवायची, दुरुस्त करायची, स्वयंपाक करायची, कुत्रे सांभाळायची. ती नसती तर दोन पुरुषांच्या पायाची बोटंही अलास्काला पोहोचली नसती. हा काही अलंकार नाही. याच मोहिमेत फ्रॉयकेनला हिमदंश झाला आणि पुढे त्याचा एक पाय गेला.

रासमुसेनला बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून सायबेरियातल्या इनुइटांनाही भेटायचं होतं. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी परवाना नाही म्हणून लगेच परत पाठवलं. पुढे तिघंही न्यूयॉर्कमार्गे परतले. ज्या शहरात थुलेची अशनी ठेवली होती, त्याच शहरात थुलेची एक बाई गगनचुंबी इमारतीच्या गच्चीवर उभी राहिली. मोहिमेनं कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी हजारो वस्तू आणल्या. रासमुसेननं उतरवून घेतलेल्या कथा, गाणी, श्रद्धा मोठमोठ्या खंडांत छापल्या गेल्या. आज कॅनडातली इनुइट मुलं आपल्या पणजोबांच्या गोष्टी शोधतात तेव्हा बऱ्याचदा याच खंडांपाशी येऊन पोहोचतात.

इकडे थुलेत दुकान चालूच होतं. १९२७ मध्ये रासमुसेननं तिथं शिकाऱ्यांची परिषद बसवली. त्यात दुकानाचा व्यवस्थापक, पाद्री, डॉक्टर आणि निवडलेले शिकारी. या परिषदेचे थुले कायदे प्रसिद्ध आहेत. कुठला प्राणी कधी मारायचा नाही, शिकारीत वाटा कोणाला, म्हाताऱ्यांची आणि संकटातल्यांची मदत कशी करायची, असं सगळं त्यात होतं. एका खासगी दुकानदारानं एका वस्तीसाठी कायदे केले! हे ऐकायला विचित्र वाटतं, आणि आहेच. पण तिथं दुसरं सरकारच नव्हतं. कॅनडानं आधी एकदा एल्समीअर बेटावर कस्तुरी बैलांची शिकार थांबवा असं डेन्मार्कला कळवलं होतं, तेव्हा रासमुसेनचं उत्तर साधारण असंच होतं : त्या भागात सत्ता म्हणाल तर माझं दुकान. कॅनडा सरकारची झोप उडाली ती वेगळीच.

आणि इथंच या गोष्टीची खरी मेख आहे. डेन्मार्कची माणसं, डेन्मार्कचा व्यापार, डेन्मार्कचा झेंडा उत्तरेच्या टोकाला असल्याचा पुरावा म्हणजे हे दुकान. १९१६ मध्ये डेन्मार्कनं कॅरिबियनमधली आपली बेटं अमेरिकेला विकायचं ठरवलं, तेव्हा बदल्यात संपूर्ण ग्रीनलँडवर डेन्मार्कनं हक्क वाढवायला आपली हरकत नाही, असं अमेरिकेनं लिहून दिलं. पुढे नॉर्वेनं पूर्व किनाऱ्यावर दावा सांगितला आणि एप्रिल १९३३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं डेन्मार्कच्या बाजूनं निकाल दिला.

तो निकाल लागला तेव्हा रासमुसेन सातव्या मोहिमेच्या तयारीत होता. पूर्व ग्रीनलँडमध्ये अम्मासालिकच्या लोकांना घेऊन त्याला एक सिनेमा करायचा होता. चित्रीकरण झालंही. पण तिथं त्याला अन्नातून विषबाधा झाली, आणि त्याला कारण किविआक असल्याचं सांगितलं जातं. ज्या पदार्थानं त्याला वर्षानुवर्षं आनंदानं पाहुणचार केला, तोच. त्यावर फ्लू, मग न्यूमोनिया. २१ डिसेंबर १९३३ ला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, डेन्मार्कमध्ये तो गेला. वय ५४. बायको डॅग्मार आणि तीन मुलं मागे राहिली. त्यांच्या वाट्याला हा माणूस तसाही कमीच आला होता. अर्नारुलुनग्वाकही त्याच वर्षी गेली.

१९३७ मध्ये थुलेचं ठाणं डॅनिश सरकारकडे गेलं. दुकानदाराच्या जागी राज्य आलं. दुसरं महायुद्ध झालं, शीतयुद्ध सुरू झालं. सोव्हिएत रशिया आणि अमेरिका यांच्यामधली जवळची वाट उत्तर ध्रुवीय प्रदेशावरून जाते, आणि थुले त्याच प्रदेशात. १९५१ मध्ये अमेरिका आणि डेन्मार्क यांचा करार झाला आणि उमानाकच्या शेजारी एक प्रचंड हवाई तळ उभा राहिला. विमानांच्या आवाजानं शिकार पळाली.

मे १९५३ मध्ये उमानाक आणि आसपासच्या २७ कुटुंबांना, ११६ माणसांना, जागा सोडायला सांगितली. मुदत मोजून काही दिवस. उत्तरेला शंभर किलोमीटरहून लांब, कानाक इथं जायचं. कुत्रे, स्लेज, पोरंबाळं घेऊन ते निघाले. नवी घरं तयार नव्हती, अनेकांनी तो उन्हाळा तंबूत काढला. ५ जून १९५३ ला डेन्मार्कची नवी राज्यघटना लागू झाली, तिनं ग्रीनलँडला वसाहतीऐवजी देशाचा समान भाग केलं. स्थलांतर त्याच्या काही दिवस आधीचं.

या लोकांनी पुढे कोर्टात दाद मागितली. १९९९ मध्ये हे जबरदस्तीचं स्थलांतर होतं असं कोर्टानं मान्य केलं आणि भरपाई दिली. पंतप्रधानांनी माफीही मागितली. त्यांचं नाव पोल न्युरुप रासमुसेन, आडनावाचा निव्वळ योगायोग. परत जायचा हक्क मात्र मिळाला नाही. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं.

कानाकमध्ये आज सहाशेच्या आसपास लोक राहतात. तिथं नार्व्हाल देवमाशाला कयाकमधून आधी भाला मारायचा, मगच बंदूक चालवायची, हा नियम अजून आहे. नुसती बंदूक मारली तर प्राणी बुडतो आणि वाया जातो.

रासमुसेनचं उमानाकचं लाकडी घरही नंतर कानाकला हलवलं. आता त्यात गावाचं संग्रहालय आहे.